नाव कुठे हवे, कुठे नको

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्या पालघरमधून. तेव्हापासून डॉक्टर आणि परिचारिकांची फिरती पथके सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुले तपासत आहेत. हृदयाला छिद्र असल्याचा घरात पत्ताच नव्हता, अशी मुले या तपासणीत सापडली आणि बरी झाली. हे काम वाढलेच पाहिजे. पण जिथे वेगळी खोली मिळत नाही तिथे तपासणी व्हरांड्यात होते. मुलीचे वजन, ‘रक्त कमी आहे’ हा शेरा, पाळीबद्दलची विचारपूस, सारे रांगेतल्या मागच्या मुलांच्या कानावर पडते. नंतर वर्षभर तिला त्यांच्यातच बसायचे असते. एक पडदा आणि चार हातांचे अंतर यासाठी वेगळे अनुदान लागत नाही.

तपासणीला मुलाचे नाव लागतेच, कारण पुढे उपचार करायचे असतात. सर्वेक्षणाला ते लागत नाही, कारण तिथे मुलांचे एकूण चित्र हवे असते. आपल्याकडे या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी विचारले. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटते, असे ८१ टक्के मुलांनी सांगितले. ही मोलाची माहिती आहे. या पाहणीत नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते. मुलांनी मोकळेपणाने लिहावे हाच त्यामागचा हेतू होता. पण शाळेत मुलाला ऐच्छिक असे काय असते? रकाना दिसला की तो भरायचा, हीच त्याला पहिलीपासूनची शिकवण. नाव नको असेल तर रकानाच छापू नये.

नाव नसले तरी मूल ओळखू येते, हे कमी पटाच्या शाळांत विशेष जाणवते. वर्गात सहा मुले आणि एकच मुलगी असेल, तर ‘सातवी, मुलगी’ एवढ्यावर कागद कोणाचा ते कळते. तो गोळा करणारे वर्गशिक्षक अक्षरही ओळखतात. म्हणून असे कागद बंद पेटीत पडावेत आणि ती पेटी शाळेबाहेर उघडावी.

एक अडचण मात्र खरी आहे. बिननावाच्या कागदावर एखाद्याने ‘जगावेसे वाटत नाही’ असे लिहिले, तर त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? त्यासाठी सगळ्यांची नावे घेणे हा उपाय नव्हे. तसे केले तर ते वाक्य कोणी लिहिणारच नाही. हा कागद वाचून कोणी तुला शोधत येणार नाही, बोलायचे असेल तर कोणाकडे जायचे, हे मुलांना आधीच सांगावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच कागदावर छापावा.

आश्रमशाळांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी होते, तिथे तर जपणूक आणखी हवी. वाहक मूल सहसा आजारी नसते. त्याला जपून ठेवायला एक माहिती मिळालेली असते, एवढेच. ती वसतिगृहात फुटली की मुलीच्या लग्नापर्यंत तिचा पाठलाग करते. निकाल मुलाला आणि त्याच्या पालकांना, समजावून सांगत, वेगळ्या खोलीत द्यावा.

वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही मागतात. पालकांची सही पुरेशी मानत नाहीत. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली. पण हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. संगणकात कधीच न गेलेली, शाळेच्या कपाटातली तपासणीची वही त्याच्या कक्षेबाहेर राहते. ती कुलपात कोणी ठेवायची, कोणी उघडायची आणि किती वर्षांनी नष्ट करायची, याचा शासन निर्णय शालेय शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी मिळून पुढच्या तपासणीआधी काढावा. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांच्या तपासणीची यादी टाकण्यास मनाई, हे त्यातले पहिलेच कलम असावे.