छोटे साहेब, पोछा आणि मामा

फ्रीलान्सरला सुट्टी नसते, त्याची फक्त डेडलाइन पुढे ढकलली जाते. तशीच एक ढकलून मी गेल्या महिन्यात पाच दिवस ताईकडे घुग्घुसला जाऊन आलो. पुण्यात हे नाव सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘हे आहे तरी कुठे?’ तर मंडळी, चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या बाजूला. कोळशाच्या खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न. माझं बालपण तिथल्याच एका क्वार्टरमध्ये गेलंय. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, पण रस्त्यावरचे ट्रक मोजत बसलात तर दिवस कसा जातो कळत नाही.

या वेळचा अजेंडा एकच होता, भाचेबुवा. वय वर्षं अडीच. त्यांच्यासाठी एक जाम महागडी रिमोटची गाडी नेली होती. साहेबांनी ती दोन मिनिटं चालवली, मग उलटी केली, आतून एक फडकं आणलं आणि मन लावून तिची चाकं पुसायला बसले. भाऊजी ड्युटीवर निघताना बाइक पुसतात ना, अगदी तस्संच. मी रिमोट हातात धरून बघत राहिलो.

आता घुग्घुसची एक खासियत सांगतो. तिथे सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा काळी होते. अनवाणी घरभर फिरलात की तासाभरात तळपाय कोळशासारखे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होतं. त्या यादीत कितवा नंबर होता हे ताईला पाठ नाही, पण पलंगावरच्या चादरीवर किती पावलं उमटतात हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून या घरात लेकराला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे स्वतःचे पाय धुणं. ए-बी-सी-डी नाही, ‘ट्विंकल ट्विंकल’ नाही. पाय!

बाथरूममध्ये एक बुटका पाट ठेवलाय. शेजारी अर्ध्या लिटरचा छोटा मग आणि बादलीत अगदी तळाशी पाणी. साहेब पाटावर बसतात, एक मग या पायावर, एक त्या पायावर, मग बोटांच्या मधे स्वतःचं बोट घालून चोळतात. पाणी काळं झालं की जोरात ओरडतात, ‘काsळं!’ हा सगळा कार्यक्रम बारा मिनिटं चालतो. मी घड्याळ लावून पाहिलंय. ताईनं धुतले असते तर चाळीस सेकंद.

या बारा मिनिटांत ताई काय करते? दारात बसते. बस्स. हात पुढे करत नाही. अधूनमधून ‘टाच राहिली बघ’ एवढंच. ती शाळेत शिकवते, सकाळी तिची पळापळ असते, म्हणून हा कार्यक्रम संध्याकाळचा. सकाळी ती स्वतःच धुऊन मोकळी होते, आणि त्याचं तिला अजिबात गिल्ट नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पॅरेंटिंगची पुस्तकं वाचणारे आईबाप एक नियम पाळायचा म्हणून रोज रडतात.

बाकी कामं म्हणाल तर चपला जोडीनं लावणं (डावी-उजवी अजून चुकते), मेथीची पानं खुडणं, वाळलेल्या कपड्यांतून स्वतःचे मोजे शोधणं, तुळशीला पाणी घालणं आणि जेवण झालं की स्वतःची ताटली उचलून मोरीतल्या टबात ठेवणं. तुरीच्या शेंगा सोलायलाही बसतो, पण तेव्हा कोणीतरी समोर लागतंच, कारण दाणा पातेल्यात जाईल की नाकात याची गॅरंटी नाही. धूळ झटकायचं काम मात्र ताई त्याला देत नाही. कोरडी धूळ उडून छातीत जाते, ती आधी स्वतः ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेते. त्याच्या वाट्याला फक्त सांडलेलं पाणी येतं.

आणि तिथेच सीन झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या हातून पाण्याचा गडवा सुटला. स्वयंपाकघरभर पाणी. मास कॉमच्या कोर्सला आम्हाला शिकवलं होतं, बघा, लिहा, मधे पडू नका. मी सगळं विसरून धावलो. माझ्या आधी आई धावली, ती सध्या ताईकडेच असते. पण आमच्या दोघांच्या आधी साहेब मोरीजवळून स्वतःचं फडकं घेऊन परत आले होते आणि चक्क उकिडवे बसून पुसू लागले होते. पाणी पुसलं जात नव्हतं, फक्त इकडून तिकडे जात होतं.

आई तडकली. ‘काऊन व, लेकराच्या हाती पोछा काऊन देल्ला?’

‘मी नाही दिला. त्यानं घेतला,’ ताई पोळी लाटता लाटता म्हणाली.

‘पोट्टा आहे तो. पोट्ट्याले पोछा माराले लावतं का कोनी?’

मी हसलो. मला वाटलं, टिपिकल आजी डायलॉग, कॉलमला मसाला मिळाला. ताई हसली नाही. लाटणं बाजूला ठेवून माझ्याकडे बघत ती म्हणाली, ‘तू अडीच वर्षांचा होतास ना, तेव्हा तुझं ताट मी उचलायचे. मी साडेनऊची होते. तू बारावीला गेलास तरी उचलत होते, माझं लग्न होईपर्यंत.’

यार, खरं सांगतो, मला हे आठवतच नव्हतं. ताट आपोआप जायचं. ते जाण्यामागे एक माणूस होतं आणि ते माझ्यासारखंच शाळेत जाणारं पोर होतं, हे अठ्ठावीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. पुण्यात मी फ्लॅटवर राहतो, भांड्यांना मावशी येतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत की माझं सिंक बघवत नाही, आणि मी या परिस्थितीला विनोदानं ‘बॅचलर लाइफ’ म्हणतो.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुह्ये बाबा रातपाळीले, मी एकटी. तिले शिकवाले मले टाइम होता का? हात लावला, काम झालं.’ आणि मग थोडं थांबून, ‘तिच्यासमोर कोनी बारा मिन्टं बसलं नाही.’

म्हणजे पाय धुण्याचं घड्याळ आईसुद्धा लावत होती तर!

त्या रात्री मी पत्रकाराच्या सवयीनं लॅपटॉप उघडला. (अपराधी वाटलं की माझ्यासारखी माणसं रिसर्च करतात.) जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००६चा एक प्रयोग सापडला. दीड वर्षाची २४ मुलं. त्यांच्यासमोर एक मोठा माणूस कपडे वाळत घालताना ‘चुकून’ चिमटा पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही. हात भरलेले असताना त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही. कोणी सांगितलं नाही, चॉकलेट दाखवलं नाही, तरी २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी उठून मदत केली. याच दोघांनी २००८मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस दिली, तर पुढच्या वेळी त्यांची मदत कमी झाली. म्हणजे ‘चपला लाव, मग कार्टून लावते’ हा आपला फेवरेट फंडा उलटाच पडतो की काय!

थोडक्यात, पोराला कामाची गोडी लावायला लागत नाही. ती असतेच. आपण घाईत असतो म्हणून त्याच्या हातून फडकं काढून घेतो, आणि आठ-दहा वर्षांनी तोच मुलगा काही करत नाही म्हणून डोक्याला हात लावतो. मुलीच्या हातून मात्र आपण ते काढून घेत नाही. तिथे आपली घाई तिच्याच हातानं संपवतो.

माँटेसरी म्हटलं की आपल्याला गुळगुळीत लाकडी खेळणी आणि डोळे पांढरे करणारी फी आठवते. पण मारिया माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेन्झोमध्ये उघडलं, ती मजुरांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मुलं इमारतीची नासधूस करायची, ती कुठेतरी अडकून राहावीत हा मालकांचा हेतू. माँटेसरीबाईंनी तिथे पोरांना हात धुणं, झाडणं, बटणं लावणं असली खरीखुरी कामं दिली. एकदा त्यांनी आवाज न करता नाक कसं शिंकरायचं हे रुमाल घेऊन दाखवलं, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या! तोवर सगळे त्यांना शेंबडे म्हणून ओरडायचे, कसं पुसायचं हे कोणी दाखवलंच नव्हतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, हेच काम केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग पानं, बिया, शिंपले, खडे. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. हा शब्द आज देशभर सरकारी पाट्यांवर आहे. ताईच्या कॉलनीजवळच्या पाटीवरही आहे.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिची मुलगी तीन वर्षांची. ती म्हणाली, ‘आमच्याकडे तिच्यासाठी छोटा झाडू आणलाय, गुलाबी. पण आमच्या मावशींची मुलगी सोबत येते ना, सात वर्षांची, ती आमचा मोठा झाडू मारते. मला रोज कसंतरी होतं.’ मी काहीच बोललो नाही. तिला बोलायला माझ्याकडे तोंडही नव्हतं. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला की ती मावशींशी बोलली, आता ती पोरगी तेवढा वेळ हॉलमध्ये अभ्यासाला बसते आणि झाडू मैत्रीण स्वतः मारते. ‘घर पहिल्यासारखं स्वच्छ नाही राहत,’ असंही पुढे लिहिलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री जेवायला वरण-भात आणि वांग्याची भाजी होती. साहेबांनी स्वतःची ताटली उचलली, टबात ठेवली, परत आले आणि माझ्या ताटाकडे हात केला. सवयीनं मी ताट त्यांच्याकडे सरकवणारच होतो. ताईनं नुसतं बघितलं. मी उठलो. मग त्यांनी ताटाची एक कड धरली, मी दुसरी, आणि आम्ही दोघं मोरीकडे निघालो, त्यांच्या स्पीडनं. अर्ध्या वाटेत उरलेलं वरण सांडलं.

‘थांब,’ साहेब म्हणाले आणि फडकं आणायला गेले. येताना दोन घेऊन आले.