नाशिकहून मोंबासाला गेलेली मिशनरी कुटुंबे आणि आपण

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या धर्मग्रामांत मिशन रविवार पाळला जातो. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, चर्चच्या आवारात खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात, सोडती निघतात आणि जमलेला निधी पुढे रवाना होतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली या दिवसाची घोषणा केली. शतकाची ही परंपरा निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु निधी पाठविला म्हणजे आपले कर्तव्य संपले काय, हा प्रश्न आम्हाला यानिमित्ताने वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

‘मिशनरी’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर झगा घातलेले एकटे धर्मगुरू किंवा एखाद्या धर्मभगिनी येतात. पती, पत्नी आणि मुले असे संपूर्ण कुटुंब मिशनकार्यासाठी आफ्रिकेत जाऊन राहते, ही कल्पना आपल्याला नवखी वाटते. वास्तविक अशी कुटुंबे आपल्याच महाराष्ट्रातून गेली होती, तीही दीडशे वर्षांपूर्वी. ती कॅथलिक नव्हती, अँग्लिकन होती. तरीही त्यांचा इतिहास आपल्याला पुष्कळ काही शिकवितो.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसांची विक्री चाले. ब्रिटिश आरमार गुलामांनी भरलेली गलबते पकडून त्यांतील मुलांना मुंबई बंदरात उतरवीत असे. यांपैकी अनेक मुले नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत पाठविण्यात आली. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसविलेल्या या ख्रिस्ती वस्तीत मुलांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकविले जाई. नाशिकचा शरणपूर रोड आजही त्या वस्तीचे नाव राखून आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ साली मुंबईहून आपल्या अखेरच्या मोहिमेस प्रस्थान ठेवले, तेव्हा त्यांच्यासोबत नाशिकचे नऊ तरुण होते. नाशिकमध्येच शिकलेले जेकब वेनराइट पुढे त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेले.

याच शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ साली मोंबासाजवळील रबई येथे मिशनकार्यासाठी आपल्या कुटुंबांसह गेले. पुढे १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. त्यासाठी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी प्रयत्न केले होते. त्यानंतर १८७५ साली मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी ‘फ्रेअर टाऊन’ ही वसाहत उभी राहिली. नाशिकची वसाहत चालविलेले विल्यम प्राइस यांच्याकडेच तिची धुरा सोपविण्यात आली आणि शरणपुरात वाढलेली सुमारे दीडशे माणसे तिकडे गेली. मोंबासात त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत.

या कुटुंबांचे रोजचे जीवन कसे असेल? ज्या भूमीतून त्यांना लहानपणी पळवून नेले होते, तिथेच ती परत आली होती, पण परकी होऊन. मायबोली बहुतेकांच्या जिभेवरून उतरली होती. बाजारात बोलण्यासाठी स्वाहिली नव्याने शिकावी लागली. पोशाख, शिक्षण आणि सवयी मुंबई-नाशिकच्या होत्या. नुकत्याच गलबतावरून सोडविलेल्या भेदरलेल्या माणसांना शाळा, शेती आणि हातकाम शिकविणे हा त्यांचा दिनक्रम होता. हिवतापाची धास्ती कायमची. गुलाम पकडणाऱ्यांचा हल्ला आल्यास इशारा देण्यासाठी उभारलेली फ्रेअर टाऊनची घंटा मोंबासात अजूनही पाहावयास मिळते. ज्या घरातील मुले अशा घंटेकडे कान लावून झोपतात, त्या घराला मिशनकार्य म्हणजे काय हे प्रवचनातून सांगावे लागत नाही.

१८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाकडे जाताना बिशपमहाशयांची हत्या झाली. तांड्यातील उरलेल्या माणसांना सुखरूप रबईस परत आणण्याचे जोखमीचे काम जोन्स यांनी पार पाडले. आणि तरीही हुद्दा, वेतन आणि निर्णयाचा अधिकार यांबाबतीत युरोपीय मिशनरी आणि ‘बाँबे आफ्रिकन’ यांच्यात अंतर राखले गेले. त्यावरून वाद झाले आणि मने दुखावली. गुलामगिरीतून सोडविणाऱ्यांनाही त्यांना बरोबरीच्या आसनावर बसविणे जड गेले. आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोचरा धडा हाच आहे.

हा दोष केवळ एका पंथाचा मानून आपण मोकळे होऊ नये. १८६८ साली पवित्र आत्म्याच्या संघाच्या धर्मगुरूंनी बागामोयो येथे मुक्त गुलामांची वसाहत उभारली. तेथेही ख्रिस्ती गावांचा पाया विवाहित जोडप्यांनीच घातला. परंतु आपल्या स्मरणात राहिले ते संघाचे नाव, त्या जोडप्यांची नव्हे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली ‘फिदेई दोनुम’ हे विश्वपत्र लिहून आफ्रिकेतील मिशनकार्यासाठी साऱ्या धर्मप्रांतांना हाक दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांचाही या कार्यातील वाटा स्पष्ट केला. आज जगातील दर पाच कॅथलिकांपैकी साधारण एक आफ्रिकेत राहतो आणि आफ्रिकेचे धर्मगुरू युरोपातील धर्मग्रामांत सेवा करतात.

अशा वेळी उपनगरांतील एखाद्या तरुण जोडप्याने दोन-तीन वर्षे आफ्रिकेतील मिशनमध्ये शिक्षक किंवा परिचारिका म्हणून राहण्याची इच्छा व्यक्त केली, तर आपण त्यांना काय उत्तर देणार? मुलांच्या शाळेचे काय, मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांना कोण पाहील, परतल्यावर नोकरीचे काय, आजारपणाचा खर्च कोण सोसेल? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. आखातात किंवा कॅनडात जाणाऱ्या मुलामुलींसाठी आपण ते जिद्दीने सोडवितो. मिशनसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ‘देव पाहील’ म्हणून मोकळे होतो. धर्मग्रामाने त्यांच्या आईवडिलांची जबाबदारी उचलणे हेदेखील मिशनकार्यच आहे.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरात आफ्रिकेच्या मुलांना आसरा मिळाला. आज बोरिवलीच्या पलीकडे मीरा रोड, नायगाव, वसई या पट्ट्यात आफ्रिकेतील तरुण भाड्याचे घर शोधत फिरतात आणि अनेकदा केवळ रंग पाहून दार बंद होते. २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, ही बातमी आपण वाचली आणि विसरलो. चर्चमध्ये त्यांच्या शेजारचे बाक रिकामे राहत असेल, तर मिशन रविवारच्या निधीचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याला अर्थ उरत नाही.

जोन्स आणि सेमलर यांच्या कुटुंबांनी परक्या ठरलेल्या मायभूमीत संसार थाटून ख्रिस्ताची साक्ष दिली. त्यांना पूर्ण मान देणे त्या काळातील ख्रिस्ती लोकांना जमले नाही. आपल्याला ते जमावे. येत्या मिशन रविवारी दानपेटीत हात घालण्यापूर्वी शेजारच्या बाकावरील पाहुण्याला ‘आमच्या घरी जेवायला या’ असे म्हणावे, ही आमची वाचकांना नम्र विनंती आहे.