ओव्हरच्या वेळी न सांगितलेलं

सकाळी पावणेआठला आमच्या वॉर्डात ओव्हर देणं-घेणं सुरू होतं. नाइट करून दमलेली सिस्टर एकेका कॉटपाशी थांबते आणि मॉर्निंगच्या सिस्टरला पेशंट सांगते. रात्री ताप किती चढला, सलाइन किती उरलंय, लघवी किती झाली, कोणतं इंजेक्शन द्यायचं बाकी आहे. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण तेवढ्या वेळात जे सांगितलं जातं त्यावर पेशंटचे पुढचे आठ तास अवलंबून असतात, आणि जे सांगायचं राहतं त्यावरही.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी असंच एक वाक्य सांगायचं राहिलं.

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डची इनचार्ज होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. एका काकांना रात्री २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे दोन प्रकारची मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. नाइटच्या सिस्टरने ४० च्या बाटलीतून औषध काढलं, पण हाताला आली नारिंगी टोपणाची सिरिंज. तिने विसाच्या रेघेपर्यंत भरलं. काकांच्या अंगात गेले फक्त ८ युनिट. तासाभराने ट्रेमध्ये पडलेलं नारिंगी टोपण तिला दिसलं आणि सगळा प्रकार लक्षात आला. तिने कुणालाच सांगितलं नाही. सकाळी शुगर २९० आली. डॉक्टरांनी राउंडला डोस वाढवून ३० केला, आणि पुढच्या सिस्टरने ३० युनिट लाल टोपणाच्या सिरिंजने अगदी बरोबर दिले. काकांनी नाश्ता अर्धाच खाल्ला होता. बाराच्या सुमारास ते घामाने चिंब झाले, जीभ जड, शुगर ४८. शिरेतून डेक्स्ट्रोज गेल्यावर थोड्या वेळात ते भानावर आले आणि चार दिवसांनी चालत घरी गेले. त्या दुपारी माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

तिला मी केबिनमध्ये बोलावलं. "सांगितलं का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही ब्रदरला सगळ्यांसमोर बोललात ना, मला तसं उभं राहायचं नव्हतं."

त्याच्या पंधरा दिवस आधी एका ब्रदरने अँटिबायोटिक दोन तास उशिरा दिलं होतं. त्याला मी नर्सिंग स्टेशनवर वॉर्डातल्या मावशींच्या, मामांच्या, पेशंटच्या नातेवाइकांच्या देखत झापलं होतं. एकाला बोललं की बाकीचे सावध होतात, अशी माझी समजूत. बाकीच्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की चूक इनचार्जच्या कानावर जाऊ द्यायची नाही.

मला इनचार्ज केलं ते माझा हात चांगला म्हणून. म्हाताऱ्या माणसाची बुडालेली शीर मला सापडते, अवघड कॅथेटर जमतो, पेशंटचं हृदय थांबून कोड झाला की मी गांगरत नाही. सोळा वर्षांची ही कमाई. पण इनचार्ज झाल्या दिवसापासून त्यातलं फारसं काही लागेनासं झालं. लागत होतं ते वेगळंच: ड्युटी लिस्ट लावणं, दोघींमधलं भांडण मिटवणं, सलग चार नाइट करून आलेल्या मुलीला पाचवी नाइट कशी सांगायची ते ठरवणं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला वॉर्ड मॅनेजमेंट होतं, तो भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आणि हे फक्त नर्सचं नाही. उत्तम फिटर असतो त्याला सुपरवायझर करतात, उत्तम शिकवणाऱ्या बाईंना मुख्याध्यापिका करतात. कसबाचं बक्षीस म्हणून माणसं हाती देतात, आणि माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं.

त्या प्रसंगानंतर मी शिकायचं ठरवलं. नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं. धाकटा मुलगा सातवीत, मिस्टरांची सातपूरला शिफ्ट. केंद्र सरकारचं 'स्वयम' हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे, त्यावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स घरबसल्या, फी न भरता पाहता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची आणि केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा. नेतृत्व आणि टीम सांभाळणं या विषयाचा आठ आठवड्यांचा कोर्स मी घेतला. व्याख्यानं इंग्रजीत. बारावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालेलं, त्यामुळे सुरुवातीला मी पाऊणपट वेगावर लावायचे आणि एकेक वाक्य मागे नेऊन ऐकायचे. वर्गात प्राध्यापकांना कोण तीनदा थांबवणार? इथे थांबवता आलं. रात्री भांडी आवरली की ओट्यापाशी मोबाइल टेकवायचा, जुन्या ड्युटी लिस्टच्या पाठकोऱ्या बाजूवर मराठीत टिपणं काढायची.

पण 'सवड मिळेल तेव्हा शिका' म्हणतात ती सवड नीट समजून घ्यायला हवी. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन वर्गांचा हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे निघाले शेकडा ३.१३. शंभरातले तीन. मला त्यात त्या सत्त्याण्णवांचा आळस दिसत नाही. वेळ सगळा आपल्या हाती दिला, की तो घरातलं, ड्युटीतलं कुणीही घेऊन जातं. माझ्या कोर्समध्ये दर आठवड्याला एक असाइनमेंट ठरल्या तारखेच्या आत द्यावी लागे, त्याचे २५ टक्के गुण धरले जात. त्या तारखेनेच मला तारलं. तेवढी एक खुंटी भिंतीत पक्की हवी, मग दोरी कितीही सैल सोडा.

दुसऱ्या आठवड्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाबद्दल ऐकलं. अमेरिकेतलं आयोवा, १९३०च्या दशकाची अखेर. दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. एका पद्धतीत मोठा माणूस हुकूम सोडतो, दुसऱ्या पद्धतीत मुलांशी बोलून ठरवतो. हुकूम सोडणाऱ्याच्या गटातही काम भरपूर होई. मात्र तो खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. विचारून ठरवणाऱ्याच्या गटात तो गेल्यावरही काम चालू राही. मी तिथेच व्हिडिओ थांबवला. माझ्या सुट्टीच्या दिवशी वॉर्डात गोंधळ व्हायचा आणि सगळे म्हणायचे, ताई नसल्या की वॉर्ड चालत नाही. ते वाक्य मी इतके महिने अभिमानाने घरी सांगत होते.

आणि मग एमी एडमंडसन. या बाईंचं काम मला देवासारखं भेटलं, कारण ते नर्सेसबद्दलच होतं. १९९०च्या दशकात त्या हार्वर्डला संशोधन करत होत्या. दोन हॉस्पिटलांतल्या आठ वॉर्डांत औषध देण्यातल्या चुका किती होतात आणि तिथली टीम कशी आहे, हे त्यांना जोडून पाहायचं होतं. चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार, ही त्यांची अटकळ. आकडे आले ते उलटे. ज्या वॉर्डात इनचार्ज चांगली, माणसांचं एकमेकांशी पटतं, तिथेच चुका जास्त. खूप विचार केल्यावर त्यांना उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. हे १९९६ मध्ये छापून आलं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी या गोष्टीला टीममधली मानसिक सुरक्षितता म्हटलं. आपल्या बोलीत सांगायचं तर, बोललो तर कुणी आपल्याला मान खाली घालायला लावणार नाही, ही खात्री.

हे मी रात्री साडेअकराला ऐकलं आणि सकाळी पावणेआठला वॉर्डात होते. या शिक्षणाचं खरं मोल मला त्या आठ तासांत दिसतं. दोन वर्षं कॉलेजात बसून मी हेच शिकले असते, तर ते वापरायला समोर वॉर्ड नसता. वॉर्डात परत येईपर्यंत त्याची पुन्हा परीक्षेची टिपणं झाली असती. ज्याच्या हाताखाली आज माणसं आहेत, त्यानेच हा विषय शिकावा, आणि तो काम न सोडता शिकावा, असं माझं ठाम मत झालं आहे. कोवळ्या वयात, एकही माणूस सांभाळलेला नसताना नेतृत्वाची पदवी घेण्यात मला फार अर्थ दिसत नाही.

त्या सकाळी ओव्हर संपल्यावर मी सगळ्यांना दोन मिनिटं थांबवलं. आधी माझीच एक जुनी चूक सांगितली, नवीन असताना दोन सारख्या नावांच्या पेशंटच्या गोळ्यांची मी अदलाबदल केली होती, ती. मग विचारलं, "रात्री काय चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं?" कुणी बोललं नाही. रोज विचारत राहिले. तिसऱ्या आठवड्यात एक सिस्टर चाचरत म्हणाली, "ताई, पोटॅशियमची अँप्युल मी दुसऱ्याच इंजेक्शनची समजून फोडली होती. लेबल वाचलं म्हणून वाचलं." दोन्ही अँप्युल ट्रेमध्ये शेजारी होत्या, दिसायला सारख्या. त्याच दिवशी पोटॅशियम वेगळ्या कुलपात गेलं. तेव्हा सुचलं, की इन्सुलिनच्या दोन्ही सिरिंजाही एकाच ड्रॉवरमध्ये मिसळून असतात आणि तो ड्रॉवर लावण्याची जबाबदारी माझी होती. त्या रात्रीच्या चुकीत माझा वाटा केवढा होता, ते मला त्या दिवशी कळलं.

चुकीची नोंद करणारा इन्सिडंट फॉर्म महिन्याला एखाद-दुसरा जायचा, त्या तिमाहीत एका महिन्यात अकरा गेले. वरून विचारणा झाली, तुमच्याच वॉर्डात चुका का वाढल्या? मी पाठकोरी टिपणं घेऊन गेले आणि त्या आठ वॉर्डांची गोष्ट सांगितली.

कोर्समधलं सगळंच असं लागू पडलं नाही. टीम कशी घडते याची टकमनची मांडणी १९६५ ची, सगळीकडे शिकवतात: टीम जमते, मग भांडते, मग तिची घडी बसते, मग ती काम करते. आमच्याकडे टीम दर आठ तासांनी बदलते आणि ड्युटी लिस्ट दर महिन्याला. घडी बसेपर्यंत अर्ध्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या असतात. आम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच टीम व्हावं लागतं, त्यासाठी ओव्हरइतकं दुसरं साधन नाही.

एक गोष्ट मात्र मला या मोबाइलवरच्या शिक्षणात खटकत राहिली. माझ्या मोठ्या जाऊबाई लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए झाल्या. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. ज्यांना घर, शेत, नोकरी सोडता येत नाही त्यांच्यापर्यंत शिक्षणानेच जायचं, हा विचार आपल्या गावाला नवा नाही. जाऊबाई आजही पुस्तकांबद्दल कमी आणि संपर्कसत्रांबद्दल जास्त बोलतात. रविवारी डबा घेऊन अभ्यासकेंद्रावर जायचं. तिथे एसटीतला कंडक्टर, अंगणवाडीताई, पोलीस, सगळे एका बाकावर. न समजलेलं तिथे समजायचं, आणि सोडून द्यावंसं वाटलं तर कुणीतरी सोडू द्यायचं नाही. हा रविवार आपल्या ऑनलाइन शिक्षणातून निसटला आहे. कोर्समध्ये प्रश्न विचारायला जागा असते, उत्तरंही येतात, पण मी एक आठवडा गायब झाले तर कुणी फोन करत नाही. इतर विषयांत एक वेळ चालेल. माणसांसोबत काम कसं करावं, हा विषय एकट्याने मोबाइलमध्ये डोकं घालून कसा पुरा होईल?

म्हणून मी सर्जरी वॉर्डच्या इनचार्जला ओढलं. तिने तोच कोर्स घेतला. दर गुरुवारी ड्युटी संपल्यावर कँटीनमध्ये चहा घेत अर्धा तास बसायचं, त्या आठवड्यात जे ऐकलं त्यातलं आपापल्या वॉर्डात काय करून पाहिलं आणि काय फसलं, ते एकमेकींना सांगायचं. पाचव्या आठवड्यात सासूबाई आजारी होत्या, मी सोडून देणार होते. तिने माझ्या घरी येऊन, सासूबाईंच्या उशाशी बसून माझ्याकडून असाइनमेंट भरून घेतली.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांना, आणि कारखाना, शाळा, बँकेची शाखा चालवणाऱ्यांनाही, माझं मनापासून सांगणं आहे. माणसाला इनचार्ज करताना त्याच्या ड्युटी लिस्टमध्ये आठवड्याचा एक तास शिकण्यासाठी लिहा, पगारी तास. दोघा-तिघांना एकत्र शिकू द्या. आणि हे मराठीत शिकवणारे अजून फार थोडे आहेत, ते वाढायला हवेत. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी हुशार मुली पहिल्या इंग्रजी व्याख्यानालाच थांबतात.

नारिंगी टोपणवाली ती सिस्टर आता शिफ्ट इनचार्ज आहे. तिला विचारूनच हे सगळं लिहिलं. या सत्रात तिने तोच कोर्स घेतला आहे. परीक्षा नेमकी तिच्या मॉर्निंगच्या रविवारी आली. ती मॉर्निंग मी करणार आहे.