चढते का?

परवा पुण्याहून मावसभाऊ आला होता. (दादा, तू हे वाचणार, ठाऊक आहे. वाच.) त्याच्यासाठी मुद्दाम 'ओल्ड रास्पुतिन'च्या दोन बाटल्या आणल्या होत्या. ही इथे कॅलिफोर्नियातच, फोर्ट ब्रॅग नावाच्या समुद्रकाठच्या गावात बनते. रशियन इम्पीरियल स्टाउट, ९ टक्के. ग्लासात ओतली की आरपार काही दिसत नाही, वर फेस मात्र चहाच्या रंगाचा. दादाने ग्लास उजेडासमोर धरला आणि विचारलं, "चढते का रे?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

देवगड की रत्नागिरी यावर तासभर वाद घालणारी आम्ही माणसं. दारूचा विषय निघाला की आमच्याकडे दोनच वाक्यं. दिवाणखान्यात "आमच्यात कोणी घेत नाही" आणि गच्चीवर "चढते का?" बहुतेक वेळा माणूस तोच!

अहो, चव घ्या की. आधी तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा खरपूस वास येतो. मग बिनसाखरेची कॉफी, त्यामागे काकवी. शेवटी कडू, चांगलंच कडू, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारं. पाडव्याला कडुनिंब चावणाऱ्यांनी त्याला नाक मुरडू नये. पण हे सगळं कळायला ती फ्रीजबाहेर वीस मिनिटं तरी राहायला हवी. दादाने त्यात बर्फ मागितला. बर्फाने जीभ बधिर होते, मग उरतं काय? चढणंच.

(रास्पुतिनचा या बिअरच्या इतिहासाशी संबंध नाही बरं का. अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून अशी कडक काळी बिअर सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारी जायची. तो बिचारा त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला.)

आणि काळी म्हणजे कडक, हेही खोटं. काळा रंग करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीचा असतो. अल्कोहोल येतं साखर आंबून. ड्राफ्ट गिनेस काळीकुट्ट, पण ४.२ टक्क्यांची. उलट आपल्याकडे सर्वात जास्त खपणारी ती पिवळीधमक 'स्ट्राँग', तिला ८ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या साठ मिलीच्या पेगमध्ये साधारण २६. म्हणजे एक बाटली बरोबर दोन लार्ज पेग! माझ्या ३५५ मिलीच्या रास्पुतिनमध्ये ३२ मिली आहे, तीही पेगपेक्षा जास्तच. म्हणून एक बाटली दोघांत, आणि तासभर.

"बिअरच तर आहे" हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय. काका म्हणायचे. ऑफिसातून येताना परमिट रूममध्ये उभ्या उभ्या दोन बाटल्या, मग वेलदोडा चघळत घरी. कुणी बघायच्या आत संपवायची असल्यावर चव कोण घेणार? पुढे काय झालं ते घरच्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. मावशी म्हणते, दारू ती दारू, तिची कौतुकं कसली? मावशी, तुला ते म्हणायचा हक्क आहे आणि मी तुझ्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढंच, की काकांना कुणीतरी घरी बसवून, सगळ्यांसमोर, "किती घेतली?" असं विचारलं असतं तर... कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

असो. दादाने ग्लास तीन घोटांत संपवला, "कफ सिरप आहे" असा निकाल दिला आणि बाहेर जेवायला जाऊ म्हणून गाडीची किल्ली उचलली. म्हणे, बिअरच तर आहे. मी किल्ली काढून घेतली. तो रुसला. पिठलं-भात घरीच झाला, न बोलता.

दुसरी बाटली अजून कपाटात आहे. दादा, ये पुन्हा. अर्धी-अर्धी घेऊ. बर्फ मिळणार नाही.