रखडलेली गाडी

प्रेमाचा उदय रेखाटणे आपल्या ॲनिमेशनच्या व्यवसायात फारसे दुष्कर राहिलेले नाही; चोरटी दृष्टिभेट, झुकलेली मान, बोलता बोलता अडखळलेले ओठ, हे सारे आपल्या हाताखालून इतक्या वेळा गेले आहे की नवशिक्यालाही ते साधते. दुरावा मात्र हाती लागत नाही. भांडण ही घटना आहे, तिचा आरंभ आणि शेवट कीफ्रेममध्ये पकडता येतो. पण जे कोणत्याही एका क्षणी घडतच नाही, ते सेकंदाच्या चोवीस चौकटींत बसवावे कोठे?

जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांच्या ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड’ या २००७ सालच्या, अवघ्या ६३ मिनिटांच्या चित्रपटाकडे आम्ही वारंवार वळतो ते याच प्रश्नासाठी. ताकाकी आणि आकारी हे टोकियोतील शाळासोबती; आकारीचे बिऱ्हाड तोचिगी प्रांतात हललेले, आणि आता ताकाकीचेही दूर दक्षिणेस कागोशिमाला जाणे ठरलेले; म्हणून तो एकदाच तिला भेटण्यास आगगाडीने निघतो. भेटीची वेळ सायंकाळी सातची. हिमवर्षावाने गाड्यांची दिरंगाई सुरू होते, दोन आठवडे खपून लिहिलेले पत्र फलाटावरच वारा उडवून नेतो, आणि शेवटची गाडी ओसाड माळावर दोन तास खोळंबून राहते. या प्रवेशात मुलगा मान खाली घालून नुसता बसलेला आहे. हालतात ते घड्याळाचे काटे आणि खिडकीबाहेरचे हिम. तिने आता घरी निघून जावे, एवढीच त्याची प्रार्थना. ती मात्र स्थानकातील शेगडीपाशी, त्याच्यासाठी आणलेला डबा जपून, रात्री अकरा उलटून गेल्यावरही बसून असते.

मुखरेखनात हा चित्रपट दुबळा आहे, हे कबूल करणे भाग आहे. या मुलांचे चेहरे पुढे स्मरणात राहत नाहीत. परंतु २००२ साली सुमारे २५ मिनिटांचा लघुपट घरच्या संगणकावर जवळजवळ एकट्याने पुरा करणाऱ्या या कलावंताला, मनुष्यबळाच्या टंचाईतच, स्थिर चित्राचे सामर्थ्य उमगले असावे. प्रत्यक्ष स्थळांची छायाचित्रे घेऊन, त्यांवर प्रकाशाचा संस्कार करून त्याने जी पार्श्वचित्रे सिद्ध केली, त्यांकडेच अभिनयाचा कारभार सोपविलेला दिसतो. आपल्याकडील दस्तूर नेमका उलटा: हालचालींच्या तपशिलावर मुदत संपवावयाची आणि पार्श्वभूमी अखेरच्या आठवड्यात सर्वांत कनिष्ठ हाताकडे ढकलावयाची. या रीतीने दुरावा कधीही रेखाटला जाणार नाही, असे आमचे ठाम मत आहे.

अखेरचा प्रवेश ध्वनी बंद करून पाहावा. रेल्वेच्या फाटकावर प्रौढ ताकाकी एका स्त्रीच्या शेजारून जातो व पुढे जाऊन वळून पाहतो. तोच मधून एक गाडी धडधडत जाते, आणि पाठोपाठ विरुद्ध दिशेने दुसरी. दोन्ही सरल्यावर पलीकडे कोणीही नसते. रुळांवर पाकळ्या तेवढ्या उडत असतात, आणि चित्रकाराने त्या रिकाम्या जागेला तिचा पुरा वेळ दिलेला आहे.