‘आशियात सगळ्यात मोठं’ म्हणण्याआधी

पाहुण्यांना नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर नेलं की आपल्या तोंडून एक वाक्य आपसूक निघतं : “ही आशियातली सगळ्यात मोठी उपसा जलसिंचन योजना.” नांदेडच्या ऑटोवाल्याला ते पाठ आहे, अभ्यासिकेत बसून तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनाही पाठ आहे. पाहुणे मान डोलावतात, मोबाइल काढून फोटो घेतात आणि विषय तिथंच संपतो. माझं म्हणणं एवढंच, की विषय तिथून सुरू झाला पाहिजे.

कारण यात मोठं नेमकं काय, हे पाहुण्याला कळलेलंच नसतं. समोर पसरलेलं पाणी बघून त्याला वाटतं, धरण मोठं. धरण तर लहान आहे! जायकवाडी काठोकाठ भरलं तर शंभर टीएमसीच्या वर पाणी साठतं. आपला शंकरसागर, म्हणजे विष्णुपुरीचा जलाशय, भरून भरून तीन टीएमसीच्या आसपास. म्हणूनच वरून पूर्णेचं पाणी गोदावरीत लोटलं की विष्णुपुरी बघता बघता भरतं आणि दरवाजे उघडावे लागतात. या योजनेचं मोठेपण आहे ते पाणी उचलण्यात. एरवी धरणाचं पाणी उताराने कालव्यात जातं. इथे नदी खाली आणि शेतं वर, त्यामुळे पंपाने पाणी वर चढवून मग कालव्यात सोडायचं. म्हणजे उपसा योजनेचा आवाका बघायचा तर पाण्याकडे नाही, पंपघराकडे बघावं लागतं. आणि ती चालते की नाही हे ठरतं वीजबिलावर. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पाहुण्याला मात्र सांगावं लागतं. आणि सांगितलं की तो पहिल्यांदा खरोखर कान देतो, हेही पाहून ठेवा.

आता त्या वाक्याकडे पुन्हा वळू. २१ जून २०१९ रोजी तेलंगणात काळेश्वरम प्रकल्पाचं उद्घाटन झालं. नदी हीच, आपली गोदावरी. आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या समोरच्या काठावर. तिथे पाणी टप्प्याटप्प्याने शेकडो मीटर वर चढवतात आणि काही ठिकाणी एकेक पंप १३९ मेगावॉटचा आहे. त्यापुढे विष्णुपुरीचा विक्रम सांगायचा तर जपूनच सांगावा लागेल. गंमत अशी, की विष्णुपुरीतही गोदाकाठी काळेश्वराचं जुनं मंदिर आहे. नाव सारखं म्हणून कोणी दोन्हींची एक गोष्ट करून पाठवली तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आणि हेही पुढे सांगा, की ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच काळेश्वरमच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे काही खांब खचले. नुसतं मोठं असून भागत नाही.

म्हणून पहिली विनंती : विक्रम सांगताना साल सांगा. ‘सगळ्यात मोठं’, ‘सगळ्यात उंच’, ‘जगात पहिलं’ या गोष्टी दुधासारख्या नासतात. ‘एके काळी आशियातली मोठी उपसा योजना म्हणून गाजलेली’ असं म्हटलं तर विष्णुपुरीची शान कमी होत नाही, आणि सांगणारा खोटाही पडत नाही.

मोबाइलवर येणारी ‘रंजक माहिती’ एकदा नीट निरखून बघा. वर हात जोडलेली दोन चित्रं, मध्ये ‘नासाने मान्य केले’, कुठेही साल नाही, कोणी सांगितलं त्याचा पत्ता नाही, आणि खाली ‘प्रत्येक मराठी माणसाने पुढे पाठवावे’. दर दिवाळीला ‘अवकाशातून दिसणारा उजळलेला भारत’ येतो की नाही? ते चित्र एका रात्रीचं नाहीच; वेगवेगळ्या वर्षांतल्या शहरांच्या उजेडाचे थर त्यात रंगवून एकत्र केलेले आहेत. तसाच तळपदेंचा मेसेज. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर राइट बंधूंच्याही आधी विमान उडवलं, असा. तळपदे मुंबईत होऊन गेले, त्यांना विमानाचा ध्यास होता, हे खरं. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा हाती लागलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार अशा मेसेजमध्ये दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत आणि तो ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. याच मुंबईत १८६७ साली शंकर आबाजी भिसे जन्मले. छापखान्यासाठी खिळे पाडणारं यंत्र त्यांनी बनवलं, दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर लंडनमध्ये खटपट केली, पुढे अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये तिथेच वारले. कागदोपत्री पक्का असलेला हा माणूस कोणाच्या ग्रुपवर येत नाही. खऱ्या संशोधकाला अडगळीत टाकून आपण पुरावा नसलेल्या विमानात बसतो.

अशा एखाद्या मेसेजने कोणाचं काय बिघडतं, असं म्हणाल. चौपाटीच्या विमानाने फारसं नाही बिघडत. पण पावसाळ्यात भलत्याच धरणाचा व्हिडिओ ‘विष्णुपुरीचे सगळे दरवाजे उघडले’ म्हणून फिरला तर नदीकाठच्या वस्तीत रात्री पळापळ होते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्या भागातल्या माणसाला भूकंपाची तारीख-वेळ सांगणारा मेसेज पाठवणं ही गंमत नाही. भूकंपाची तारीख आधी कोणालाच सांगता येत नाही. सांगणारा खोटा, हे धरून चाला.

खऱ्या गोष्टीला मीठमसाला लावायची गरज नसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वेगाडी आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. एवढं सांगितलं की आजही ऐकणारा गप्प होतो. आपल्या मराठवाड्यात असलं इतकं पडलेलं आहे की दुसरीकडून उसनं आणायची वेळच येऊ नये. जायकवाडी धरण पैठणला, पण नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचं; कारण आधी धरण तिथे बांधायचं ठरलं होतं. ज्या शंकरराव चव्हाणांचं नाव विष्णुपुरी प्रकल्पाला आहे, त्यांचा जन्म त्याच पैठणचा. विष्णुपुरीजवळचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं, मुक्तिसंग्राम दिनी. आणि ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते मराठवाड्याच्या मुक्तीचे पुढारी जन्मले कर्नाटकातल्या सिंदगीत. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांनी बांधवली. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत. त्याच्या पावलाशेजारी लेकराला उभं करा, मग आकार सांगायची गरज उरत नाही. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. त्यानंतर वर्षही पुरं झालं नाही आणि पानिपत घडलं. शाळेत आपण पानिपत शिकतो, उदगीर गाळतो.

प्रवासाची ठिकाणं सांगताना तर जास्तच जपा. सहस्रकुंडाचा धबधबा कोणी रीलमध्ये टाकला की दुसऱ्या रविवारी गाड्यांची रांग लागते. रील बघून उन्हाळ्यात गेलात तर नुसता काळा कातळ बघून परतावं लागेल, हे कोणी सांगत नाही. पैनगंगेचा तो धबधबा नांदेड-यवतमाळच्या सीमेवर आहे आणि वर इसापूरचं धरण आहे. पाणी सोडलं की खाली प्रवाह वाढतो आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. तेव्हा जागा सुंदर आहे एवढ्यावर थांबू नका. कोणत्या महिन्यात जायचं, कुठवर जायचं आणि कुठे पाऊल टाकायचं नाही, हेही सांगा. ही माहिती फोटोपेक्षा जास्त मोलाची.

शेवटी मास्तरांना आणि बाईंना एक विनंती. शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो, त्यात दिनविशेष वाचतात, सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारतात. जगातला सर्वांत मोठा महासागर कोणता, हा प्रश्न पोरांनी दहा वेळा ऐकलाय. आठवड्यातून एक दिवस प्रश्न आपल्या तालुक्याचा ठेवा. आपल्या नळाचं पाणी कोणत्या नदीतून येतं? वेशीतल्या वीरगळावर काय कोरलंय? किल्ल्याला खंदक कशासाठी? उत्तर मोबाइलवर शोधायचं नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून किंवा जागेवर जाऊन आणायचं. आणि उत्तराच्या पुढे दोन गोष्टी वहीत लिहायला लावा : कोणी सांगितलं, आणि कधीचं आहे. येत्या सोमवारी पहिला प्रश्न विष्णुपुरीचाच घ्या : नदी खाली, शेत वर, मग पाणी वर चढतं कसं?