संग्रह कसला, लूट म्हणा

वेल्समधल्या पोविस या जुन्या किल्ल्यात भारतातून नेलेल्या तीनशेहून अधिक वस्तू मांडलेल्या आहेत. हस्तिदंती कोरीवकाम, शस्त्रे, हुक्के, मूर्ती, कापड. प्लासीवाला रॉबर्ट क्लाइव्ह आणि मद्रासचा गव्हर्नर झालेला त्याचा मुलगा एडवर्ड, या बापलेकांचा हा म्हणे 'संग्रह'! काही वस्तू विकत घेतलेल्या असतील, काही नजराणे असतील. पण टिपू सुलतानचा तंबू कोणत्या बाजारात विकायला होता?

4 मे 1799 रोजी टिपू श्रीरंगपट्टणात लढताना पडला. त्याच रात्री शहर लुटले गेले. नंतर उरलेल्या लुटीची हुद्द्याप्रमाणे रीतसर वाटणी झाली. सिंहासन तोडून त्याचे तुकडे केले. त्यावरचे रत्नजडित सोन्याचे एक व्याघ्रमुख आज पोविसमध्ये आहे आणि तंबूही तिथेच आहे. क्लाइव्हच्या वंशजांनी तो बागेतल्या मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला.

किल्ला सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने 2020 च्या अहवालात आपल्या वास्तूंचे वसाहतवादाशी असलेले नाते मान्य केले, तर तिकडे केवढा गहजब! 'वसाहतवादाशी नाते' हे शब्दसुद्धा त्यांना जड गेले. लूट हा शब्द तर दूरच.

पण आपणही हा शब्द पुरता उच्चारतो का? श्रीरंगपट्टणावर इंग्रज एकटे चालून गेले नव्हते. मीर आलमच्या हाताखाली निजामाची फौज त्यांच्या सोबत होती, आणि टिपू पडल्यावर म्हैसूरच्या मुलखाचा वाटा निजामाने घेतला. मराठवाड्यातली आपली काही घराणी निजामी मानमरातबाच्या आठवणी अजून कौतुकाने सांगतात आणि टिपूच्या तसबिरीलाही हार घालतात. दोन्ही एकाच दमात! क्लाइव्हला चोर म्हणायचे आणि निजामाच्या वाट्याबद्दल गप्प बसायचे, हा कुठला इन्साफ?

आणि तो तंबू तरी कोणाचा? टिपूच्या जन्माआधीचे, 1725 ते 1750 च्या सुमाराचे ते सुती कापड. पांढऱ्या जमिनीवर कमानी, कमानीत फुलदाणी, तीत लाल फुले. बऱ्हाणपूरचे काम असावे, असे जाणकार मानतात. बऱ्हाणपूर म्हणजे मोगली खानदेशची राजधानी, आपल्या उंबरठ्यावरचे गाव. ते सूत कातणारी, विणणारी, रंगवणारी माणसे कोण होती? पोविसला त्यांची नावे ठाऊक नाहीत, ती टिपूच्या दरबारालाही ठाऊक नसतील. टिपू जयंतीची भाषणे मी पुष्कळ ऐकली. त्यांत तलवार असते, वाघ असतो. रंगाऱ्याच्या हाताचा उल्लेख एकाही भाषणात ऐकला नाही.